एका फाईलीत मावलेलं

तो जिना चुकला, त्यात त्याचा दोष नव्हता. तळमजल्यावरच्या बाइंडरच्या पाटीचा एक खिळा कधीचाच निघाला होता आणि ‘आत या’ म्हणणारा बाण सरळ वर बघत होता. वर तिच्या मामाचं ऑफिस होतं. दोन खोल्या, चार कॉम्प्युटर, आणि दुकानदारांना लागणारे लहानसहान प्रोग्राम लिहून देणारी दोन माणसं. एक मामा आणि एक ती.

त्या सकाळी धुकं इतकं होतं, की समोरच्या इमारतीच्या खिडक्या कुणीतरी खोडरबराने पुसल्यासारख्या दिसत होत्या. समुद्र दोन गल्ल्या पलीकडे. तो दिसत नव्हता, नुसता श्वास घेताना ऐकू येत होता. त्या धुक्यातून एक उंच, किडकिडीत माणूस आत आला. केसांवर बारीक थेंब. झोपलेलं मूल द्यावं तशी त्याने छातीशी धरलेली एक वही पुढे केली आणि विचारलं, हिची शिवण उसवलीय, बांधून मिळेल का... फक्त आधी वाळवावी लागेल.

बाइंडर खाली आहे, असं ती सांगणार होती. पण वहीतून टपकलेलं पाणी तिच्या कीबोर्डकडे निघालं होतं, म्हणून आधी वही उचलणं भाग पडलं. आणि एकदा हातात आल्यावर ती परत द्यावीशी वाटेना. पानांवर अक्षरं जवळजवळ नव्हतीच. चार उभ्या रेघा, त्यांना छेदणारी पाचवी तिरकी. पुन्हा चार, पुन्हा एक. पानामागून पान.

तिने सुटी झालेली पानं एकेक करून क्लिपांनी नेटवर्कच्या वायरीवर टांगली आणि पंखा लावला. पानं हलू लागली. दोघंही त्यांच्या खाली उभी राहून वर बघत राहिली.

आतल्या खोलीतून मामाने विचारलं, “पिंगळे, कोण आलंय गं?”

लहानपणी ती कुणाशी बोलायची नाही. नुसती मोठाले डोळे करून बघत बसायची. तेव्हा मामाने, छोट्या घुबडासारखी दिसते म्हणून, ‘पिंगळी’ हे नाव ठेवलेलं. पुढे चष्मा लागला आणि नाव पक्कं झालं. परक्या माणसासमोर ते ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो परका माणूस तिच्या गोल चष्म्याकडे बघत एकदम खुलला.

“पिंगळा मला फार आवडतो,” तो म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं असावं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. “म्हणजे... पक्षी.”

“कळलं,” ती म्हणाली.

तो पक्षी मोजायचा. तीच त्याची नोकरी होती. किनाऱ्यापासून बोटीने चार तासांवर एक खडकाळ बेट होतं. तिथे खडकांच्या भेगांत एक लहानसा करडा समुद्रपक्षी घरटी करायचा. तो दिसायचा नाही, पहाटे आतून नुसता हाक मारायचा. मग हा स्टुलावर वही घेऊन बसायचा आणि हाक आली की एक रेघ ओढायचा. त्याने स्वतःच कबूल केलं, की एक रेघ ओढेपर्यंत दोन हाका निसटतात, आणि खात्री कधीच वाटत नाही.

ती एरवी बोलायच्या आधी दोनदा विचार करायची आणि दुसऱ्यांदा विचार केल्यावर बहुतेक गप्पच बसायची. त्या दिवशी मात्र बोलून गेली, की आवाज टिपून ठेवला तर कॉम्प्युटरला मोजता येईल... मी तसा प्रोग्राम लिहू शकेन.

आतल्या खोलीत मामाच्या खुर्चीची करकर थांबली. मामाला पक्ष्यांत काडीचा रस नव्हता. पण भाची आपणहून एका अनोळखी माणसाला काहीतरी कबूल करतेय, हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. तो बाहेर आला, पानांच्या तोरणाखालून वाकून गेला आणि म्हणाला, होईल की, पक्षीवाले, त्यात काय एवढं.

तेवढ्यावर तो ‘पक्षीवाले’ झाला.

*

आठवड्याने त्याने चाळीस ध्वनिफिती आणून दिल्या. मागच्या मोसमात बेटावर घेतलेल्या. प्रत्येकीच्या सुरुवातीला त्याचा आवाज होता. “क्रमांक सात. पहाट. वारा कमी. उत्तरेकडचा कडा.” मग क्षणभर शांतता, आणि मग हाका.

कॉम्प्युटरला हाक ओळखायला शिकवायची तर नुसती हाक हवी. माणसाचा आवाज मध्ये आला की तो गोंधळतो. म्हणून तिने हेडफोन लावले आणि प्रत्येक फितीतून त्याचं बोलणं कापायला बसली. काम साधं होतं. जिथे वाक्य संपतं तिथे खूण करायची, कापायचं, टाकून द्यायचं.

पहिलं कापलं. टाकायचं बटण दाबताना बोट थांबलं. एवढं एक राहू दे, असं तिने स्वतःला सांगितलं, आवाजाची पातळी तपासायला लागेल. मग दुसरंही ठेवलं. सगळे पक्षी ‘नमुने’ नावाच्या फोल्डरमध्ये होते; त्याच्याच पोटात तिने आणखी एक फोल्डर केलं आणि त्याला ‘ठेवलेले’ असं नाव दिलं. आठवड्याअखेर तिथे चाळीस तुकडे होते, प्रत्येक पाच सेकंदांचा.

दुपारी मामा डुलकी काढायचा, पंखा फिरायचा, खालून बाइंडरच्या दाबयंत्राचा कुरकुर आवाज यायचा. ती डोळे मिटून ऐकायची. पाच सेकंद म्हणजे काहीच नाही. पण त्या पाच सेकंदांत एक अख्खी पहाट असायची. गार खडक, ओला वारा, आणि आपल्याला कुणी ऐकत नाहीये असं समजून बोलणारा एक माणूस. हळूहळू ती तुकड्यांची यादी करू लागली. एका साध्या फाईलीत, एकेका आकड्यापुढे एकेक ओळ. तो जशा पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचा, अगदी तशी.

‘७ – बोलण्याआधी श्वास घेतो. दर वेळी.’

‘१२ – सर्दी झालीय. औषध घेतलं असेल का?’

‘१९ – हसला. एकटा असताना हसतो.’

ही यादीही तिने ‘ठेवलेले’मध्येच टाकली. दुसरीकडे कुठे ठेवायची, तेही तिला सुचलं नसतं.

*

बेटावरचा कॉम्प्युटर जुना होता. तिथे नेट नव्हतं. काही इन्स्टॉल करायचं तर मुख्य कार्यालयाची परवानगी लागायची, आणि ती येईपर्यंत, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, पक्षी अंडी घालून, पिल्लं मोठी करून निघून गेले असते. फक्त एक फाईल नेऊन ती चालवायला मुभा होती. एकच. किनाऱ्यावरच्या कचेरीत तसाच एक कॉम्प्युटर होता, त्यावर आधी चालवून बघायचं ठरलं.

तिच्याकडे प्रोग्राम सुरेख चालत होता. तो पेनड्राइव्ह घेऊन गेला आणि तासाभरात परत आला. वहीच्या पानावर त्याने पडद्यावरचा निरोप उतरवून आणला होता. अक्षरांसकट, चौकटीसकट, चौकटीच्या कोपऱ्यातल्या बंद करायच्या फुलीसकट. ‘एक आवश्यक फाईल सापडली नाही.’

“फुलीसुद्धा काढलीत?” तिने विचारलं.

“दिसेल ते सगळं लिहायचं, अशी शिकवण आहे आमची.”

मग तिला समजावून सांगावं लागलं. प्रोग्राम कुणी एकट्याने लिहिलेला नसतो. आवाज वाचायला दुसऱ्या कुणी लिहिलेला तुकडा लागतो, आकडेमोडीला तिसऱ्याचा, आलेख काढायला चौथ्याचा. तिच्या कॉम्प्युटरवर हे सगळे आधीपासून राहायला होते, म्हणून ते आहेत हे तिच्या लक्षातही येत नव्हतं. दुसऱ्याच्या दारात गेल्यावर प्रोग्रामला कळलं, की आपण एकटेच आलोय.

त्याने पानावरच्या चौकटीकडे पुन्हा बघितलं. मग म्हणाला, “म्हणजे आपल्याला कोण कोण लागतं, ते घरी असेपर्यंत कळत नाही.”

“हो,” ती म्हणाली, आणि उगाचच चष्मा पुसला.

आतून मामाने सल्ला दिला, की प्रोग्रामला आत्याकडे शिकवणीला पाठव. ती राहायची तिच्या आत्याकडे, आणि आत्याची प्रवासाची पेटी नातेवाइकांत गाजलेली होती. उशी, पेला, सुई-दोरा, गोळ्या, बॅटरी. एकदा तर परक्या घरी उजेड कमी असतो म्हणून तिने बल्बही नेला होता. कुणाकडे काही मागायची वेळ येऊ नये, एवढंच आत्याचं म्हणणं. पेटी उचलताना मामाची कंबर लचकली होती, ते तो अजून विसरला नव्हता.

पण सल्ला बरोबर होता. लागणारे सगळे तुकडे गोळा करून प्रोग्रामबरोबर एकाच फाईलीत बांधून टाकणारं एक साधन असतं. तिने ते वापरलं. चार दिवसांनी नवी फाईल घेऊन तो गेला, आणि या वेळी येताना हसू दाबत आला.

“आज काय नाही सापडलं?” तिने विचारलं.

“सुरू झाला. पण नमुने शोधायला लागला आणि तुमच्या घरचा पत्ता विचारायला लागला.” त्याने वहीचं पान पुढे केलं. पानावर तिच्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरचा सगळा रस्ता लिहिलेला होता, त्यात मध्येच तिचं नाव, ‘पिंगळी’. “मी त्याला म्हटलं, बाबा रे, मलाही माहीत नाही. मला कळला की तुला सांगेन.”

ती पानाकडे बघत राहिली. चूक नवशिक्याची होती. हाकांचे नमुने फाईलीत बांधायचेच राहिले होते. तिच्याकडे ते जागेवर सापडायचे, म्हणून सगळं ठीक वाटत होतं. तिला लाज वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण थोडी. बाकीचा वेळ तिच्या डोक्यात एवढंच होतं, की तो अजून एकदा येईल.

ही गोष्ट तिच्या लक्षात आली आणि ती घाबरली. फाईल धड चालली, की त्याला यायला काही कारण उरणार नव्हतं. शुक्रवारी अकराला बोट होती. मग तीन महिने बेट, आणि पुढची नेमणूक कुठे ते त्यालाही ठाऊक नव्हतं. एकदा हात आखडता घ्यावा, एखादा तुकडा मुद्दाम विसरावा, असंही तिच्या मनात येऊन गेलं. तिने तसं केलं नाही. बेटावर पहाटे स्टुलावर बसून रेघा ओढणारा तो तिला दिसत होता, आणि त्याच्या निसटलेल्या हाकांचा हिशोब आपल्या माथी नको, असं तिला वाटलं.

शुक्रवारी सकाळी दहाला तिने शेवटची बांधणी केली. या वेळी काही म्हणता काही मागे राहायला नको, म्हणून एकेक नमुना निवडत न बसता तिने ‘नमुने’ फोल्डर अख्खंच्या अख्खं आत घातलं.

तो दारात उभा होता, पाठीवर पिशवी, पायांत बूट. पेनड्राइव्ह देताना तिने घाईघाईने समजावलं. सुरू व्हायला अर्धं मिनिट लागेल, घाबरू नका. आतलं सगळं सामान आधी एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडलं जातं, मग प्रोग्राम उठतो. बंद केलात की ते फोल्डर पुसलं जातं.

“उलगडलेलं बघता येतं?”

“येतं. पण बघायचं काय त्यात?”

“घरटं दिसलं की डोकवायची सवय असते,” तो म्हणाला. “लांबूनच. हात नाही लावत.” जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून तो थांबला. “बेटावर पिंगळे नाहीत. तेवढी एकच उणीव.”

मग धुक्यात बूट वाजत गेले. ती खिडकीपाशी उभी राहिली. वायरीवर एक क्लिप तशीच अडकून राहिली होती.

*

सोमवारी मामाने जुन्या कामांची आवराआवर करताना सहज विचारलं, की ती पक्ष्यांची फाईल हिशोबापेक्षा वीस एमबीने जास्त का दिसतेय, काय कोंबलंस त्यात?

काही नाही, असं म्हणून तिने बांधणीच्या साधनाने लिहून ठेवलेली आतल्या मालाची यादी उघडली. वाचत खाली गेली. नमुना एक, नमुना दोन... नमुना चाळीस. आणि त्याच्या खाली – ठेवलेले, एक. ठेवलेले, दोन.

चाळीस तुकडे. आणि सगळ्यांत शेवटी तिची यादी.

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय पडदा नुसता उजेड दिसत होता, ते बरं वाटलं. तेवीस क्रमांकापुढे तिने लिहिलं होतं, ‘आकडा चुकला तर स्वतःलाच अरे म्हणतो.’ एकतिसापुढे, ‘आवाज दमलेला. जवळ कुणीतरी बसायला हवं होतं.’ आणि चाळीसपुढे काय लिहिलं होतं, ते तिला आठवायचंही नव्हतं. तेच आता समुद्रापलीकडे, जिथे फोन लागत नाही अशा जागी, एका जुन्या कॉम्प्युटरवर रोज पहाटे उलगडलं जात होतं. डोकवायची सवय असलेल्या माणसासमोर.

बोट पंधरवड्यातून एकदाच जायची. दहा दिवस तिने मनातल्या मनात दोन्ही बाजू मांडून बघितल्या. त्याने पाहिलं नसेल; पहाटेच्या कामात कोण फोल्डर उघडतं? पाहिलं असेल तर हसला असेल... एकोणीस क्रमांकासारखा. किंवा हसला नसेल, ते जास्त वाईट. शेवटी तिने ‘ठेवलेले’ काढून नवी फाईल बांधली, वीस एमबीने हलकी, आणि मामाला म्हणाली, की फाईलीत चूक राहिलीय, मला स्वतः जाऊन बदलावी लागेल.

मामाने चष्म्यावरून बघितलं. चूक पक्ष्यांची आहे का पक्षीवाल्यांची, असं त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बोटीच्या परवानगीचं पत्र लिहायला घेतलं. आत्याने काही विचारलं नाही. तिने पिशवीत एक शाल, एक डबा, उलटीच्या गोळ्या आणि एक बल्ब घातला.

*

बेटावर उतरली तेव्हा ऊन मऊ होतं आणि सगळीकडे पंखांची कुजबुज. तो धक्क्यावर नव्हता. पक्षीमोजणीच्या ठाण्याचे प्रमुख होते, पांढऱ्या दाढीचे. बोटीवरचे लोक त्यांना दादा म्हणत. ती कोण ते कळताच दादांनी हातातलं पोतं खाली ठेवलं.

“म्हणजे तो प्रोग्राम तुमचा. बरं झालं आलात. तेरा दिवस आम्ही गार पाण्याने अंघोळ करतोय.”

तिला काही कळेना. दादांनी सांगितलं, की ठाण्यावर वीज छपरावरच्या उन्हाची, तुटपुंजी. ती सगळी त्या कॉम्प्युटरला. पाणी तापवायचं नाही, इस्त्री नाही, पंखा नाही. का, तर तो प्रोग्राम बंद व्हायला नको.

“बंद होत नाहीये का?” तिने काळजीने विचारलं.

“न व्हायला काय झालं. हा करू देत नाही. मी हात पुढे केला तर अंडं चोरायला आलोय असा बघतो माझ्याकडे.”

ठाण्याची खोली लहान होती. एक टेबल, एक खाट, खिडकीत ओळीने मांडलेले गुळगुळीत दगड. कॉम्प्युटर गुणगुणत होता. पडद्याच्या कोपऱ्यात तिनेच घातलेला आकडा होता. ‘चालू : ३१९ तास.’ तिने मनात भागाकार केला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून.

तो मागून आला. दारात थांबला. उन्हाने रापला होता आणि हातात वही नव्हती.

“तुम्ही,” तो म्हणाला.

“फाईल बदलायला आलेय,” तिने पेनड्राइव्ह पुढे धरला. वाटेतले चार तास ती हेच वाक्य घोकत होती. “ही चांगली आहे. लवकर सुरू होते. लहान आहे.”

“किती लहान?”

“वीस एमबीने.”

त्याने पेनड्राइव्ह घेतला नाही. “काय काढलंत?”

बाहेर एक पक्षी ओरडला, मग दुसरा. ती पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत राहिली. ‘काही नाही’ म्हणता आलं असतं. पण दिसेल ते सगळं लिहिणाऱ्या माणसापुढे खोटं बोलायला तोंड उघडेना.

“पाहिलंत तुम्ही,” ती म्हणाली.

“दुसऱ्या दिवशी सकाळी. डोकवलो.” तो खाटेच्या कडेवर बसला आणि आपल्या हातांकडे बघू लागला. “आधी माझेच आवाज सापडले. वाटलं, चुकून राहिले असतील. मग ती यादी. मी सात वर्षं नोंदी ठेवतोय. माझी नोंद कुणी ठेवली असेल, असं...” तो थांबला. “तुम्ही म्हणाला होतात, बंद केलं की पुसलं जातं. मग मी बंदच केलं नाही.”

“वहीत उतरवून घ्यायचं होतं. कॉपी करायचं.”

“हात लावत नाही म्हटलं होतं. तुम्ही मला दिलेलं नव्हतं ते.”

ती मटकन खुर्चीत बसली. आधी तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं ते हसू. पोटातून, न थांबणारं, चष्म्यावर धुकं आणणारं. तो गोंधळून बघत होता.

“ते पुन्हा येतं,” ती म्हणाली. “बंद केलं की पुसलं जातं, पण परत सुरू केलं की परत उलगडतं. फाईलीतच आहे ते. जात नाही कुठे.”

“परत?”

“दर वेळी.”

“दर वेळी,” तो म्हणाला, एखादा नवा पक्षी कानांवर आल्यासारखा. मग हळूच, “दादांना नका सांगू. तेरा दिवस झालेत.”

“बंद करा,” ती म्हणाली.

तो उठला. माऊसवर हात ठेवला आणि थांबला. तिच्याकडे एकदा बघितलं. मग त्याने फुलीवर टिचकी मारली. ३१९ हा आकडा नाहीसा झाला, खोलीतली गुणगुण उतरली. तात्पुरत्या फोल्डरच्या जागी काही नव्हतं.

तिने जुनी फाईल पुन्हा सुरू केली. अर्धं मिनिट. एवढं लांब अर्धं मिनिट त्या दोघांपैकी कुणीच पूर्वी पाहिलं नसेल. ती शेजारी उभी होती, आणि त्याने श्वास घेतल्याचं तिने ऐकलं. सात क्रमांकात घेतो तसाच.

“क्रमांक एक्केचाळीस,” तो पडद्याकडेच बघत म्हणाला. “दुपार. वारा नाही. पिंगळी – एक.” त्याच्या बोटाने टेबलावर एक उभी रेघ ओढली. “या बेटावर पहिलीच नोंद. मला वाटतं... ती इथे राहत नाही, हे बरोबर नाही.”

दोनदा विचार करायची तिची सवय होती. पण या वेळी दुसऱ्यांदाही तेच उत्तर आलं.

“अंतर लिहायचं राहिलं,” ती म्हणाली.

त्याने मान वळवली. “किती लिहू?”

ती एक पाऊल पुढे सरकली.

पडदा उजळला. फोल्डर उलगडलं होतं. नमुने, आणि खाली ठेवलेले, एक ते चाळीस, आणि ती यादी. त्याने यादीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘४० – हा शेवटचा. याच्यापुढे त्याचा आवाज नाही.’

“इथे मी ‘तो’ आहे,” तो म्हणाला. “आणि बोलताना ‘तुम्ही’. असं का?”

“लिहिताना कुणी ऐकत नव्हतं.”

“आताही कुणी ऐकत नाहीये.”

बोटीचा भोंगा वाजला. तीन तास कधी गेले ते कळलं नव्हतं. डबा तसाच होता. निघताना तिने पिशवीतला बल्ब काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, आत्याने दिलाय. “तू...” असं म्हणून ती अडखळली. मग तिने वाक्य पूर्ण केलं. “तू लाव. आणि दादांना गरम पाणी दे.”

*

बुधवारी ती ऑफिसात नवी बांधणी करत होती. बोट सुटताना त्याने तिच्या हातात ध्वनिफितींचं एक मेमरी कार्ड दिलं होतं. त्यात बेटावरचे नवे नमुने होते, आणि एक तुकडा असा, ज्यात पक्षी नव्हताच. मोसम संपला की बाइंडरकडे वही आणायची आहे, असं त्यात तो म्हणत होता, आणि जिना आपण या वेळी मुद्दाम चुकणार आहोत. तो तुकडा तिने कापला नव्हता.

मामा मागे येऊन उभा राहिला. फाईलीचा आकार बघून त्याने भुवया उंचावल्या.

“अगं, ही तर आणखी फुगली. ते वीस एमबी काढायला गेली होतीस ना तू?”

“हो.”

“त्यांच्याशिवाय प्रोग्राम चालत नाही का?”

“चालतो,” ती म्हणाली.

“मग?”

तिने बांधायचं बटण दाबलं. खाली बाइंडरचं दाबयंत्र कुरकुरलं, खिडकीतून समुद्राचा वास आला.

“तरी लागतात, मामा.”